विसण

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षातील एका रविवारी सकाळी माझा भाचा बंगळूरच्या आमच्या मल्लेश्वरममधील घरी आला, तो काखेत एक भले मोठे खोके घेऊनच. चहा होण्यापूर्वीच त्याने ते माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला, "मामा, एवढे जरा डोळ्यांखालून घाला. बसवावे की नाही, ते तुम्ही सांगायचे." खोक्यावर गॅस गीझरचे चित्र होते.

हे यंत्र त्याला घरासाठी नको होते. पीण्या भागातील एका कारखानदाराकडून त्याने एक फिरते घर बांधून घेतले आहे. मोटारीच्या मागे जोडावयाचा हा ट्रेलर लांबीला चौदा फूट असून त्यात दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी एक जागा, एक ओटा, कपड्यांचे कपाट आणि साठ लिटर पाण्याची टाकी आहे. एका कोपऱ्यात तीन फूट लांब व तीन फूट रुंद असे चिमुकले न्हाणीघरही आहे. मे महिन्यात शाळेला सुटी लागली, की स्वतः तो, सूनबाई, त्यांची सहा वर्षांची मुलगी आणि माझी थोरली बहीण अशा चौघांनी चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर अशी मजल दरमजल करीत वाईला जावयाचे, असा बेत होता. बायका दोघी व मूल आत निजणार आणि चिरंजीव बाहेर तंबूत.

ही हौस आज नवी वाटते; परंतु तिचे मूळ जुने आहे. बंगळूर ही एके काळी शहाजीराजांची जहागीर. त्या काळी या वाटांवरून गेलेल्या आपल्या पूर्वजांनी राहुट्या आणि तंबू पाठीशी बांधूनच प्रवास केला असेल. महाराष्ट्र शासनाने 2021 साली अशा फिरत्या घरांतील पर्यटनाविषयी खास धोरण जाहीर केले, यावरून ही हौस आता चार घरांपुरती राहिलेली नाही, हे उघड आहे. प्रश्न होता तो अंघोळीच्या पाण्याचा. माझे उभे आयुष्य यंत्रांच्या हिशेबात गेले, म्हणून तो माझ्याकडे आला होता.

मी खोके उघडले नाही. आतून सौभाग्यवतींनी "गॅस गीझर" हे शब्द ऐकले आणि हातातील पळी तशीच घेऊन त्या बाहेर आल्या. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दहा-बारा वर्षे आम्ही आमच्या माणसांपासून एक गोष्ट झाकून ठेवली होती. ती त्या दिवशी सांगावी लागली.

सन 2012 च्या जानेवारीतील ती सकाळ होती. तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. न्हाणीघरात गॅस गीझर होता व वर भिंतीत वीतभर झरोका होता. बंगळूरची थंडी उत्तरेकडच्यासारखी बोचरी नसते. पण समुद्रसपाटीपासून 900 मीटरांहून उंच असलेल्या या गावी पौषातील पहाटे अंग काकडल्याशिवाय राहत नाही. त्यात झरोक्यातून डास येत. म्हणून मी एका रविवारी पुठ्ठ्याचा तुकडा कापून तो झरोका नीट बंद केला होता. कामगिरी इतकी सुबक झाली होती, की मी ती शेजाऱ्यांनाही दाखविली होती!

चार दिवसांनी सौभाग्यवती न्हाण्यास गेल्या. नेहमीपेक्षा वेळ झाला. हाक मारली, उत्तर नाही. दार ठोठावले, आत केवळ पाण्याचा आवाज. दार मोडून आत गेलो, तेव्हा त्या भिंतीशी टेकून खाली बसल्या होत्या आणि त्यांना शुद्ध नव्हती. शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना अंगणात आणले, तेथून रुग्णालयात नेले. काही तास प्राणवायू दिल्यावर त्या सावरल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, "न्हाणीघराला खिडकी आहे का?" त्या प्रश्नाचे उत्तर देताना मला जी शरम वाटली, ती आजही ओसरलेली नाही. नातेवाइकांना आम्ही "चक्कर आली होती" एवढेच कळविले. झरोका मीच बुजविला, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि तिनेही ते कधी कोणाला सांगितले नाही.

त्या दिवशी नेमके काय घडले, ते समजून घेणे प्रत्येक कुटुंबाला उपयोगाचे आहे. गॅस असो, कोळसा असो वा लाकूड असो, पुरेशी हवा मिळाली तर ते नीट जळते. हवा अपुरी पडली, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधील गॅस गळू लागला तर मुद्दाम मिसळलेल्या वासामुळे तो कळतो. हा वायू मात्र कळत नाही. आपल्या रक्तातील ज्या द्रव्यावर स्वार होऊन प्राणवायू शरीरभर हिंडतो, त्याच द्रव्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. परिणामी श्वास चालू असूनही शरीर आतून गुदमरते. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते, मग पायांतील बळ जाते. उपाशीपोटी अंघोळीला गेल्याने असे होत असावे, अशी माणूस स्वतःची समजूत घालतो, आणि उठून दार उघडावे म्हणतो तोवर पाय उचलत नाहीत.

भाचा शिकलेला आहे. तो म्हणाला, "मामा, पण पुष्कळ घरांतून गॅस गीझर आहेत. त्यांना कुठे काय होते?" प्रश्न रास्त होता. यंत्र न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसविलेले असेल आणि आत केवळ पाण्याची नळी येत असेल, तर धोका पुष्कळ कमी होतो. म्हणून मी कागद-पेन्सिल घेतली आणि त्याच्या घराचाच हिशेब त्याच्यासमोर मांडला.

मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापविणारा गीझर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळण्यास सुमारे पंधरा-सोळा किलो हवा लागते; म्हणजे आकारमानाने जवळजवळ तेरा घनमीटर. दहा मिनिटांच्या अंघोळीस दोन घनमीटरांहून अधिक हवा हवी. आता तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच अशा त्याच्या न्हाणीघरात एकूण हवा किती? दीड घनमीटरांहून थोडी अधिक. त्याच हवेत माणसानेही श्वास घ्यावयाचा. "यात बसवावे की नाही, ते आता तूच सांग," असे मी म्हणालो. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला.

परदेशांत अशा फिरत्या घरांतून गॅसवर चालणारे तापक असतात, हे खरे; परंतु त्यांची घडण निराळी असते. जळण्यास लागणारी हवा ते भिंतीबाहेरून घेतात आणि धूरही बाहेरच सोडतात; खोलीतील हवेशी त्यांच्या ज्योतीचा संबंधच येत नाही. दिसण्यात सारखेपणा असला तरी घरगुती गीझर त्याच्या जागी बसवता येत नाही. बंद खोलीत पेटविलेल्या कोळशाच्या शेगडीलाही हाच नियम लागू आहे. थंडीच्या दिवसांत उबेसाठी शेगडी आत घेऊन दारे-खिडक्या लावून निजणाऱ्यांनी तो विसरू नये.

गीझर परत करावयाचे ठरले. पण मग पाणी तापवावयाचे कशावर? येथून आमची खरी चर्चा सुरू झाली.

पहिला विचार विजेचा. ट्रेलरमध्ये बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची एक बॅटरी होती. कागदावर तिच्यात 1.2 युनिट वीज मावते. दहा लिटर पाणी वीस अंशांनी तापविण्यास पाव युनिटाला थोडी कमी वीज पुरते. म्हणजे उपकरणांतील घट धरून एका बादलीला बॅटरीचा जवळजवळ चौथा हिस्सा खर्च होणार. चौघांच्या अंघोळी झाल्या, की रात्री दिवा नाही आणि पंखाही नाही. मोटारीच्या इंजिनातील उष्णता वापरण्याची युक्ती काही गाड्यांत करतात. पण ट्रेलरला स्वतःचे इंजिनच नसल्याने तो मार्ग खुंटला. मोठी टाकी घ्यावी, तर एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. शंभर लिटर म्हणजे घाटात एक क्विंटलाचे ओझे मागे ओढावयाचे.

सूर्याची आठवण होणे साहजिकच होते. बंगळूरच्या कोणत्याही गच्चीवर उभे राहिले, की चोहीकडे पाणी तापविणारे सौर संच दिसतात. कर्नाटक शासनाने 2007 साली अनेक प्रकारच्या नव्या इमारतींना ते बंधनकारक केले, त्याचे हे दृश्य फळ. त्यांची रचना साधी आहे. खाली तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते व गार पाणी खाली उतरते. पंप लागत नाही. सुमारे दोन चौरस मीटरांचा संच चांगल्या उन्हात दिवसाला शंभर लिटर पाणी चाळीस अंशांनी तापवितो. 2012 सालच्या त्या प्रसंगानंतर आम्ही स्वतःच्या घरात आलो, तेव्हा मी सर्वांत आधी तोच बसवून घेतला. परंतु काचेच्या नळ्यांचा हा संच खड्ड्यांतून धावणाऱ्या ट्रेलरच्या टपावर किती दिवस टिकणार?

यावर भाच्यानेच तोड काढली. सदर पत्रप्पा मार्गावरील, म्हणजे आपल्या एस. पी. रोडवरील, दुकाने धुंडाळून त्याने चार इंच व्यासाच्या धातूच्या नळीचे दोन मीटरांचे दोन तुकडे मिळविले. दोन्ही टोके बंद करून, एका बाजूस तोटी व दुसऱ्या बाजूस हवेसाठी झडप बसवून त्याने त्यांना काळा रंग दिला आणि ते टपावर घट्ट बांधले. एका नळीत सुमारे सोळा लिटर पाणी मावते. दिवसभर रस्त्यावर ऊन खाल्ले, की दुपार कलताना पाणी अंघोळीजोगे होते. फुकटचे आणि न फुटणारे!

आता सारे सुरळीत झाले, असे आम्हांला वाटले. पण माझ्या बहिणीला हा बेत कळला मात्र, तिने एका वाक्यात तो निकालात काढला. "संध्याकाळी न्हायचे, आणि सकाळी काय पारोशाने देवाला हात जोडायचे?" नळीतील पाणी रात्रीतून गार होणार, हे खरेच होते. तिचे वय चौऱ्याहत्तर. पहाटे गार पाण्याने नहा, असे तिला सांगणारा मी कोण?

त्या वेळी सौभाग्यवती पुढे झाल्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे बादलीभर पाणी तापवण्याचा हिशेब करता आहात. बादलीभर पाणी कोण तापवतं? आमच्या घरी बंबातलं कढत पाणी घंगाळात काढायचं आणि त्यात विसण घालायचं, अशी रीत होती. कढत पाणी थोडंच लागतं."

विसण! किती वर्षांनी तो शब्द कानी पडला. कढत पाण्यात बेताचे गार पाणी मिसळून ते अंगाला सोसेल असे करणे, यासाठी आपल्या भाषेत एक स्वतंत्र शब्द आहे आणि तोटी फिरविण्याच्या सवयीत आपण तो विसरत चाललो आहोत. मी लगेच आकडे मांडले. नव्वद अंशांचे तीन लिटर आणि वीस अंशांचे सात लिटर मिळून दहा लिटर पाणी एक्केचाळीस अंशांचे होते. अंघोळीला याहून कढत पाणी लागत नाही. किंबहुना ते नसावेच. डोक्यावर कढत पाणी ओतल्याने काही जणांना अपस्माराचा झटका येतो. हा विकार दक्षिण कर्नाटकात विशेष आढळतो आणि बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत डॉ. पी. सतीशचंद्र यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. पाणी कोमट ठेवणे हा तेथे सांगितला जाणारा साधा उपाय.

तीन लिटर पाणी तापविण्यास स्वयंपाकाची लहान शेगडी आणि झाकणाचे तपेले पुरते. शेगडी ट्रेलरबाहेर, आकाशाखाली ठेवावयाची. एका माणसाच्या पाण्याला पस्तीस-चाळीस ग्रॅम गॅस लागेल. म्हणजे पाच किलोच्या लहान सिलिंडरवर शंभरावर अंघोळी व्हाव्यात. फवाऱ्याखाली उभे राहावयाचे म्हटले, तर चौघांना साठ लिटरांची टाकीही पुरणार नाही. बादली आणि तांब्या घेतला, की चाळीस लिटरांत सर्वांचे भागते. ज्या कोड्यासाठी आम्ही यंत्रांच्या किमती पाहत होतो, त्याचे उत्तर घरातल्या जुन्या शब्दात दडलेले होते.

अर्थात जुने ते सारे सोने, असे मला म्हणावयाचे नाही. तांब्याचा बंब दिसावयास देखणा. पण त्याचा धूर ज्या बायकांनी वर्षानुवर्षे डोळ्यांत घेतला, त्यांना विचारून पाहावे. बंगळूरला शिवसमुद्रमहून आलेल्या विजेचे दिवे 1905 साली लागले. पुढे त्याच विजेने घरोघरी न्हाणीघरातील धूर कमी केला, हे लहान उपकार नव्हेत. मला वाटते ते इतकेच, की साधन निवडण्यापूर्वी गरज मोजावी.

पाणी तापविणे हे काम आपल्याला वाटते त्याहून महाग आहे. बंगळूरला कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरांवरून येते आणि वाटेत सुमारे 500 मीटर वर चढवावे लागते. 1974 साली या योजनेचा पहिला टप्पा पुरा झाला. एवढ्या खटाटोपाचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण पंपांतील घट सोडून हिशेब केला, तर एक लिटर पाणी 500 मीटर उचलण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात तेच पाणी जेमतेम सव्वा अंशाने तापते. म्हणजे अंघोळीसाठी ते वीस अंशांनी तापविताना ते कावेरीवरून वर आणण्याच्या जवळजवळ सतरापट ऊर्जा आपण खर्चितो. 2024 च्या उन्हाळ्यात या शहराने पाण्याची तीव्र टंचाई सोसली. तेव्हापासून आमच्या घरी गच्चीवरील ऊन पाणी खाली येईपर्यंत नळीतले जे गार पाणी निघते, ते मोरीत न सोडता बादलीत धरतो. अलीकडे आम्ही त्या बादलीला "विसणाची बादली" म्हणू लागलो आहोत.

मे महिन्यात ट्रेलर वाईला जाऊन आला. निघण्यापूर्वी भाच्याने न्हाणीघराला वर व खाली अशा दोन जाळ्या बसविल्या आणि पलंगाच्या बाजूस कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे एक लहान यंत्र लावले. ते वाजल्यास दारे उघडून प्रथम सर्वांनी बाहेर पडावयाचे, कोणाला भोवळ आली असल्यास मोकळ्या हवेत नेऊन विनाविलंब रुग्णालय गाठावयाचे, हे त्याने घरातील प्रत्येकाकडून, अगदी सहा वर्षांच्या मुलीकडूनही, वदवून घेतले.

बहिणीने परत आल्यावर मला सांगितले, की कोल्हापूरच्या अलीकडे एका शेताच्या कडेला पहाटे सूनबाईने तिचे पाणी काढले, आणि मुलीने तांब्यातांब्याने विसण घालून प्रत्येक वेळी बोट बुडवून विचारले, "आजी, आता बरोबर?" वाईच्या जुन्या घरात बंब अजून आहे. त्यात आता तुळस लावली आहे.

सांगता सांगता ती थांबली आणि सौभाग्यवतींकडे वळून म्हणाली, "वहिनी, त्या वेळी चक्कर नव्हती, हे मला आधीच सांगायचं होतंस." सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. मीच म्हणालो, "झरोका मी बुजवला होता, अक्का." बहिणीने माझ्याकडे पाहिले. एवढेच म्हणाली, "सांगितलंस, बरं केलंस."

वाचकहो, माझी चूक मी येथे लिहिली, ती याचसाठी. आपल्या न्हाणीघरात गॅसचे यंत्र असेल, तर आजच एकदा वर मान करून झरोका पाहावा. त्यावर पुठ्ठा असेल, तर तो अंघोळीपूर्वी काढावा.